आणि इतर

फॉर्मच्या सातव्या रकान्यात विचारलंय: प्रभाव.
खाली बारीक अक्षरांत: आकड्यांत लिहावा.

तर आकडे.
सव्वीस वर्षं, एकोणीस शोधनिबंध,
सगळे निवट्याच्या मेंदूवर,
जो तांदळाच्या दाण्याएवढा असतो
आणि ज्याच्यापायी मी भाट्याच्या खाडीत
तीन चपला कायमच्या गमावल्या.

एका निबंधाला संदर्भ मिळाले तीनशे बेचाळीस.
तो निबंध विचारांचा नाही, कृतीचा आहे,
लोणच्याच्या कृतीसारखा:
मासा खाडीतून टेबलापर्यंत कसा आणावा
म्हणजे मेंदूचे काप सहा तास जिवंत राहतात.
ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचा हात,
वर तिवराचा पाला. पाणी नाही.
ओसाकात तसाच आणतात, लिस्बनमध्ये तसाच,
गोणपाटाऐवजी काहीतरी महागडं वापरून,
आणि शेवटी कंसात माझं आडनाव, साल,
"आणि इतर".

इतरांत दोन विद्यार्थी आहेत, एक विभागप्रमुख,
ज्यांनी निवटा फक्त ताटात पाहिला होता.

जैनबी होडेकर इतरांत नाही.

पहिल्या वर्षी माझे मासे वाटेतच मरायचे,
पुलापर्यंतसुद्धा टिकायचे नाहीत,
बादलीभर स्वच्छ पाण्यात, झाकण घट्ट.
कोपरापर्यंत बिळात हात घातलेली ती
मान न वळवता म्हणाली होती,
"बाय, पान्यात नको गं कोंडूस. बुडून मरतो तो."
मासा. बुडून.
मी हसले होते. मग वहीत लिहून घेतलं.
निबंधाच्या तळाशी आभार आहेत:
स्थानिक संग्राहकांचे.
अनेकवचनी. ती एकटीच होती.

आज ओहोटीला तिला हे सांगायला आले.
म्हटलं, तीनशे बेचाळीस जणांनी नाव घेतलं.
कोयती लुगड्याला पुसत ती म्हणाली,
"नाव घेतलं, का नावं ठेवली?"
अकरा जणांनी ठेवलीत, म्हटलं.
"आनी माझं कुनी घेतलं?"
कांदळावर बगळे बसले होते.
मी बराच वेळ ते मोजत राहिले.

मग दुसऱ्याबद्दल सांगितलं,
ज्याच्यापुढे शून्य आहे.
खरं तर एक, पण तो संदर्भ माझाच मला.
चार वर्षं, एकसष्ट निवटे.
बिळाशी नारळाचा हीर रोवायचा,
माशाच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा,
वीस पावलांवर नेऊन सोडायचा,
उधाण येऊन जाऊ द्यायचं
आणि चिखलात उकिडवं बसून बघायचं: घरी जातो का?
निष्कर्ष: लक्षणीय फरक आढळला नाही.
परीक्षकानं विचारलं होतं, मग यात नवीन काय?
माझ्या मते तोच माझा सगळ्यात चांगला निबंध.
त्यातलं एक वाक्य आजही बदलावंसं वाटत नाही.

जैनबी ऐकत होती की नुसती कालवं फोडत होती, कळेना.
"उधान झाल्यावर जुन्या बिळात हात कोन घालतं?
आमची पोरंपन नाय घालत."
मग थोडं थांबून,
"चार वर्सं?"

चार वर्षं, म्हटलं.

फॉर्म पिशवीत आहे, कोपऱ्याला चिखल लागलाय.
तीनशे बेचाळीस पेन्सिलीनं लिहून ठेवलेत,
पुढे बरीच जागा आहे.
तिनं टोपलीत हात घातला,
बोटाएवढा एक निवटा उचलला, "बारका हाय अजून,"
आणि जिथून काढला होता त्याच्या भलत्याच बाजूला
लांब फेकला.
तो पडला. डोळे आत ओढले, पुन्हा बाहेर काढले,
आणि इकडेतिकडे न बघता
पडल्या जागीच
तोंडानं चिखल उपसायला लागला.